पडद्यावर बत्तीस

वासुदेव गुरनुल्याचं बोट भाजलं, तेव्हा पडद्यावर तापमान बत्तीस होतं.

बत्तीस अंशांना कुणाचं बोट भाजत नाही. जुलै संपत आला होता, हवेत बऱ्यापैकी गारवा होता आणि ज्या डब्यात त्याने बोट घातलं, तो डबा त्याने स्वतःच कापून, ठोकून, पंखा बसवून थंड केलेला होता. आत शाळेचा संगणक होता, आणि अख्ख्या तालुक्यात त्या डब्याला ‘गुरनुले डबा’ म्हणत. साफसफाईसाठी म्हणून एका शाळेतून तो दुकानात आला होता. चालू ठेवूनच वासुदेव आत बघत होता. चिपवरच्या ॲल्युमिनियमच्या पात्यांना बोट लागलं आणि तो ओरडून मागे सरकला. बोटावर टपोरा फोड आला. पडद्यावर हिरव्या रंगात बत्तीसच.

पडदा अडकला असेल म्हणून त्याने डबा बंद करून पुन्हा चालू केला. बत्तीस. पंख्यापुढचं फडकं काढून पाहिलं, तर ते धुळीने चोंदून पोळीसारखं कडक झालेलं. मग त्याची नजर गेली ती हवा आत येते त्या जाळीच्या तोंडाशी, एम-सीलने चिकटवलेल्या ज्वारीच्या दाण्याएवढ्या मण्यावर. डब्याचं तापमान हा मणी मोजतो. आणि मणी तिथे चिकटवला होता वासुदेवनेच.

तो स्टुलावर बसला. फोड आलेलं बोट तोंडात घालायचंही त्याला सुचलं नाही.

हा मनुष्य मूळचा कूलरवाला. चंद्रपूर जिल्ह्यातल्या उन्हाळ्यात ज्याला चांगला कूलर बनवता येतो त्याला गावात मान असतो, आणि २०३९ साली पारा एकोणपन्नासला टेकायला लागल्यावर तर विचारूच नका. पत्र्याचा डबा, तीन बाजूंना वाळ्याच्या ताट्या, वरून ठिबकणारं पाणी आणि मधे पंखा. हवा कुठून घ्यायची, कुठून सोडायची, हे वासुदेवला पत्र्यावर नुसता तळहात धरून कळायचं. त्याचा त्याला अभिमान होता, आणि तो लपवण्याचा त्याने कधी प्रयत्न केला नाही.

तीन वर्षांपूर्वी जिल्ह्यातल्या प्रत्येक शाळेला एकेक संगणक मिळाला. त्यात ‘पारख’ नावाची प्रणाली होती. सातवी झालेल्या मुलाशी ती सहा दिवस, रोज अर्धा तास बोलायची. एक प्रश्न विचारायचा, उत्तर बरोबर आलं की त्याहून अवघड, मग आणखी अवघड, असं करत मुलाची झेप कुठवर जाते ते शोधायचं. त्यावरून क, ख, ग असे गट पडत. क गटातल्या मुलांना जिल्ह्याच्या निवासी विज्ञानशाळेत आठवीपासून जागा. तिथे प्रवेश आठवीतच. नववीला दार बंद.

संगणक स्वस्तातले होते, आणि त्यातली चिप नव्या जातीची. जुने संगणक तापले की बंद पडत. ही चिप बंद पडत नसे. तापली की ती स्वतःचं काम सैल करायची. आधी हिशेबातले बारीक अपूर्णांक सोडून द्यायचे, मग विचाराच्या मधल्या पायऱ्याच गाळायच्या. उत्तर वेळेवर यायचं, आवाज तसाच गोड, फक्त त्यामागे डोकं कमी लागलेलं. दमलेला मास्तर जसा वर्गात पुन्हा पुन्हा पाढेच म्हणायला लावतो, तसं. बनवणाऱ्यांना हे ठाऊक होतं, म्हणून तर तो मणी. मूळ डब्यात तो चिपला लागून पत्र्यावर चिकटवलेला असे. हद्दीबाहेर ताप गेला की पडद्यावर लाल अक्षरं यायची, ‘यंत्र तापले आहे, परीक्षा थांबवावी,’ आणि परीक्षा थांबायची.

पण परीक्षा मे महिन्यात, कारण तेव्हा वर्ग रिकामे. आणि मे महिन्यात अकरा वाजल्यापासून पाचपर्यंत सगळ्या तालुक्यात लाल अक्षरं. शिक्षक वैतागले. पंचायत समितीच्या कुणीतरी म्हटलं, अरे, आपला वासू आहे ना!

वासुदेवने यंदाच्या एप्रिलमध्ये, एका महिन्यात सेहेचाळीस डबे केले. पत्र्याचं कवच साधंसुधं, हवेला दोन चिरा तेवढ्या. त्याने एका बाजूला होल-सॉने चार इंची भोक पाडलं, कडा कानशीने घासल्या, जाळी रिव्हेट केली, मागे पंखा बसवला. हवा इकडे तिकडे न भटकता नेमकी चिपवर जावी म्हणून वडिलांच्या छातीच्या जुन्या एक्स-रे फिल्मचं नळकांडं केलं. त्या संपल्यावर गावभरातून फिल्म गोळा केल्या. धूळ अडवायला नायलॉनच्या साडीचं फडकं. खरोखर सुबक काम होतं. फक्त, जिथे भोक पाडायचं नेमका तिथेच तो मणी होता. तो सोडवून हातात घेतल्यावर कूलरवाल्याने तेच केलं, जे कुठल्याही कूलरवाल्याने केलं असतं. कूलरमध्ये तापमान बघायचं ते हवेचं, कारण माणूस हवेत बसतो. मणी हवेच्या तोंडाशी लावला. शाळेत त्याच बाजूला खोलीतला कूलर ठेवलेला, त्याचाच बनवलेला. मण्याला दिवसभर गार वारं. लाल अक्षरं कायमची गेली आणि वासुदेवच्या नावाने डबा ओळखला जाऊ लागला.

आता स्टुलावर बसून तो हे सगळं उलट्या बाजूने बघत होता. सकाळी फडकं झटकलेलं, हवा बरी, चिप शहाणी. दुपारी बाहेर सत्तेचाळीस, फडकं चोंदलेलं, चिप शंभराच्या घरात आणि मणी कूलरपुढे आरामात.

दुपारी परीक्षेला कोण बसायचं?

दुपारी तेंदूची पोरं बसायची.

मे म्हणजे तेंदूपत्त्याचा हंगाम. ज्या घरात पानं तोडतात, ते घर पहाटेच जंगलात जातं, पोराबाळांसकट. अकरापर्यंत तोडायची, घरी येऊन जुड्या बांधायच्या, त्यानंतर पोर मोकळं. म्हणून शाळांनीच दोन तुकड्या केल्या होत्या. गावातल्या मुलांची सकाळची, पानं तोडणाऱ्यांची दुपारची. सोय म्हणूनच केल्या, वाईट हेतूने नाही.

वासुदेवने फोनवर तालुक्याचा निकाल उघडला. तो जूनपासून सगळ्यांना दिसत होता. दुपारच्या तुकडीत चारशे बारा मुलं. क गटात नऊ. सकाळच्या तुकडीत तिघांत एक. इतका ढळढळीत फरक, आणि दीड महिन्यात एकाही शिक्षकाने, अधिकाऱ्याने, बापाने विचारलं नव्हतं की असं का. कारण सगळ्यांना ते आधीच ठाऊक असल्यासारखं होतं. पानं तोडणारी पोरं, त्यांच्याकडून आणखी काय होणार? वासुदेवनेही विचारलं नव्हतं. आणि तो स्वतः आठवीपर्यंत पानं तोडत होता.

चारशे बारांत एक नाव होतं शामली मोहुर्ले, शाळा भिवाटोला, गट ग. त्याची सख्खी भाची.

शामलीची आई अंजिरा ही वासुदेवची थोरली बहीण. तिला तो बाई म्हणायचा. तो नववीत गेला तेव्हा बाईनेच घरात सांगितलं होतं, की आता माझ्या वाट्याची पानं मी तोडीन आणि वासूच्या वाट्याचीही मीच तोडीन, त्याला शाळेत जाऊ द्या. ती स्वतः चौथीपुढे गेली नाही. तिच्या पोरीला विज्ञानशाळेत घालायचं हे दोघा बहीणभावांनी शामली पाटीवर अक्षरं काढायला लागली तेव्हाच ठरवून टाकलं होतं.

मे महिन्यात वासुदेव भिवाटोल्याला डबा बघायला गेला होता. परीक्षेचा तिसरा दिवस. शामली खोलीतून बाहेर आली ती थेट त्याच्याकडे.

“मामा, दोन वाजले का डबा विचारच नाई करत. तोच प्रश्न. तीनदा. बरोबर उत्तर दिलं तरी पुढचा कठीण प्रश्नच नाई देत.”

व्हरांड्यात दहा-बारा पोरं होती, मुख्याध्यापक बोरकुटे सर होते. वासुदेवला ते लागलं. स्वतःची भाची, आणि सगळ्यांदेखत त्याच्या डब्यात खोट काढते!

“सर, पडदा काय म्हन्ते?” त्याने विचारलं.

“बत्तीस,” बोरकुटे सर आतून म्हणाले.

“पाय! मानूस थकते पोरी, गुरनुले डबा नाई थकत. आपल्याले येत नाई तं डब्याले नावं ठेवाची?”

सगळे हसले. शामली हसली नाही. ती दप्तर घेऊन निघून गेली.

निकाल लागला तेव्हा अंजिरा दुकानात आली. कूलरच्या ताट्यांच्या ढिगाशेजारी उभी राहून म्हणाली, “वासू, पोरगी म्हन्ते डब्यानं विचारलंच नाई. तू एकडाव पाय ना.”

“बाई, यंत्र खोटं बोलत नाई. अन् हे तं माह्या हातचं यंत्र हाये.”

अंजिराने पदराने तोंड पुसलं. “तू म्हन्तं तं तसंच असन,” म्हणाली आणि पाणी पिऊन गेली.

हे सगळं त्याला आता आठवलं, शब्दन् शब्द. माणसाला आपलं बोलणं कधी इतकं स्वच्छ आठवू नये.

बोट भाजलं ती एकवीस जुलै. विज्ञानशाळेची यादी एकतीसला बंद होणार होती. त्याच क्षणी उठून पंचायत समितीत जायला हवं होतं. चालत दहा मिनिटं. वासुदेव उठला, चप्पल घातली, आणि टेबलावरच्या कागदाकडे त्याचं लक्ष गेलं. स्वातंत्र्यदिनी पंचायत समितीतच त्याचा सत्कार ठरला होता. ‘ग्रामीण तंत्रज्ञ’ म्हणून. त्याने चप्पल काढून ठेवली. उद्या जाऊ, म्हणाला.

दुसऱ्या दिवशी त्याला एक युक्ती सुचली, आणि ती सुचली याची पुढे त्याला सगळ्यात जास्त लाज वाटली. त्याने मोटरसायकलला पेटी बांधली आणि ‘पावसाळी सर्व्हिसिंग’ म्हणून एकेका शाळेत जाऊ लागला. डबा उघडायचा, मणी हवेच्या तोंडाशी आहे तो काढायचा, पात्यांना घट्ट लावायचा, नवं फडकं घालायचं, झाकण बंद. पंधरा मिनिटांचं काम. कुणाला काही सांगायचं नाही. पुढच्या वर्षीपासून सगळं ठीक होईल, मग बोंबाबोंब कशाला? शिक्षक चहा पाजायचे. “भाऊ, तुमच्यासारखी माणसं आहेत म्हणून चाललं आहे,” असं एका बाई शिक्षिकेने म्हटलं. त्याने कप खाली ठेवला आणि तसाच निघाला. चहा अर्धा राहिला.

भिवाटोला त्याने शेवटी ठेवलं. तिथे पोचला तो एक ऑगस्टला. सेहेचाळिसावा डबा.

झाकण लावत असताना बोरकुटे सर एक कागद घेऊन आले. चांगला माणूस, पण उगाच हसायची सवय. “कपाट आवरत होतो भाऊ, हे सापडलं. तुमच्या भाचीनं मेमध्ये दिलतं. आपल्याकडे डबा पोरांची परीक्षा घेतो, ही पोट्टी डब्याची घेऊन राहिली होती!”

वहीचं पान होतं. पट्टीने आखलेलं. एका रांगेत तारीख, मग वेळ, मग डब्याने विचारलेला प्रश्न, मग तो कितव्यांदा विचारला. सहा दिवसांचं सगळं. एक वाजून पन्नास मिनिटं, प्रश्न नवा. दोन वाजून पाच, तोच प्रश्न, दुसऱ्यांदा. दोन पंधरा, तिसऱ्यांदा. एका दिवसापुढे लिहिलं होतं, ‘आज ढग होते. डबा नीट बोलला.’ तिने नुसती स्वतःची नव्हे, दुपारच्या सगळ्या पोरांना विचारून त्यांचीही नोंद केली होती. आणि खाली, अक्षर जरा तिरकं झालं होतं: ‘डब्याला ऊन लागते असे मला वाटते. पडदा काहीही म्हणो. आमची परीक्षा सकाळी घ्यावी, पानं आम्ही नंतर तोडू.’

वासुदेवने ते पान दोनदा वाचलं. जी गोष्ट समजायला त्याला बोट भाजावं लागलं, ती तेरा वर्षांच्या पोरीने नुसतं घड्याळ बघून ओळखली होती. डब्याने तिला ग दिला होता. आणि मामाने सगळ्यांपुढे तिचं हसं केलं होतं.

“सर, हे मी घेऊन जातो,” तो म्हणाला. मोटरसायकल थेट पंचायत समितीत नेली.

गटशिक्षणाधिकारी पाथोडे मॅडम कामाच्या बाई होत्या. त्यांनी सगळं ऐकलं, पान पाहिलं, निकालाचे आकडे पाहिले. चष्मा काढून टेबलावर ठेवला.

“आता मणी जागेवर लावलेत ना सगळे?”

“हो.”

“मग गुरनुले, झालं ते झालं. पुढच्या वर्षी नीट होईल. पंधरा तारखेला तुमचा सत्कार आहे, हे कळतंय ना तुम्हाला?”

म्हणजे वाट उघडी होती. सरकारी टेबलानेच उघडून दिली होती.

“नाई मॅडम. चारशेवर पोरं आहेत. पुन्हा परीक्षा घ्या.”

“कुठल्या जागांसाठी? यादी काल संध्याकाळी बंद झाली.” त्यांनी चष्मा पुन्हा लावला. “तुम्हाला हे कळलं कधी?”

“एकवीसला.”

पाथोडे मॅडमनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. मग हळूच म्हणाल्या, “मागच्या आठवड्यात आला असता, तर मी यादी थांबवली असती. तो अधिकार आहे मला. होता.”

त्यांनी एवढंच सांगितलं, की दरवर्षी दिवाळीपर्यंत विज्ञानशाळेतली पाच-सहा मुलं घरच्या आठवणीने परत जातात. त्या जागांसाठी फेरपरीक्षा घेता येईल. पण त्यासाठी चूक कुणाची हे लेखी लागेल, आणि ते प्रत्येक शाळेच्या फलकावर लावावं लागेल. वासुदेवला पुन्हा शाळेच्या यंत्राला हात लावता येणार नाही. सत्काराचा तर प्रश्नच नाही.

वासुदेवने कागद ओढला. ‘मी, वासुदेव गुरनुले, याने यंत्रातील तापमानाचा मणी विनापरवानगी हलविला,’ असं लिहिलं. पुढे ‘ही चूक २१ जुलैला कळूनही मी गप्प राहिलो’ हे वाक्य मॅडमनी मागितलं नव्हतं. ते त्याने स्वतःहून लिहिलं. फोडाची कातडी तोवर सुटली होती, पेन धरताना बोट हुळहुळत होतं.

तिथून तो भिवाटोल्याला परत गेला. रोवणी चालू होती. चिखलाने भरलेल्या बांधीत बायांची ओळ वाकून भाताचे पऱ्हे लावत होती. ओळीच्या टोकाला अंजिरा, तिच्या शेजारी शामली. शाळेच्या दिवशी. वासुदेवने चप्पल बांधावर काढली, पँट दुमडली आणि चिखलात उतरला. बांधावरून ओरडून सांगायची ही गोष्ट नव्हती.

त्याने सगळं सांगितलं. आजूबाजूच्या बायाही ऐकत होत्या, त्यातल्या तिघींची पोरं दुपारच्या तुकडीतली होती. त्यांचे हात थांबले. कुणी शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं.

अंजिरा म्हणाली, “दोन दिवस जेवली नवती पोरगी. अन् मी तिले मनलं, मामाले जास्त कळते.”

एवढं बोलून ती पुन्हा वाकली आणि पऱ्हे लावू लागली. शामली मात्र उभीच होती. कोपरापर्यंत चिखल.

“मामा, तुमाले कवा कळलं?”

काल, असं म्हणता आलं असतं. जिभेवर आलंही होतं.

“अकरा दिवस झाले.”

तिने मनात मोजलं. ती पोरगी मोजणारच. “मंग तवा यादी उघडी होती.”

“हो.”

तिने मान हलवली, जशी घड्याळात वेळ बघून हलवावी तशी, आणि आईशेजारी वाकली. वासुदेव चिखलात तसाच उभा राहिला. आयुष्यात त्याला इतकं लहान कधी वाटलं नव्हतं. निघताना अंजिरा मान वर न करता म्हणाली, “परीक्षेच्या दिवशी येजो. तोंड लपवू नको.”

फेरपरीक्षा ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात झाली, सकाळी सात वाजता. भिवाटोल्याच्या शाळेत फलकावर वासुदेवच्या अक्षरातला कागद लावला होता. येणारा प्रत्येक जण तो वाचायचा आणि मग व्हरांड्याच्या टोकाला बसलेल्या वासुदेवकडे बघायचा. कुणी नमस्कार केला नाही. एका म्हाताऱ्याने तर कागद मोठ्याने वाचून दाखवला, ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांच्यासाठी. वासुदेव बसून राहिला. बाईने तोंड लपवू नको म्हटलं होतं.

सगळ्यात आधी शामलीचं नाव पुकारलं. ती आत गेली, पण खुर्चीत बसली नाही.

“सर, झाकण उघडा,” खिडकीतून तिचा आवाज आला.

“अगं, नीट आहे तो आता. मणी पात्यांवरच लावला आहे. पडद्यावर बघ, एकतीस आहे.”

“तवा बी बत्तीस होतं, सर.”

बोरकुटे सर या वेळी हसले नाहीत. त्यांनी स्क्रू फिरवले. शामलीने हात पुसला, बोट आत घातलं आणि पात्यांवर टेकवून ठेवलं, चांगलं दहापर्यंत मोजून. मग तिने बाकीच्या पोरांना आत बोलावलं. एकेकाने येऊन पात्यांना बोट लावलं, देवळात घंटेला लावतात तितक्या गंभीरपणे. मामाने मणी जागेवर लावला आहे, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. ते पुरेसं नव्हतं, आणि ते पुरेसं नसणं बरोबरच होतं.

झाकण लागलं. शामली खिडकीशी आली. दिवाळीनंतर पाच-सहा जागा, आणि त्या मागणारी चारशेवर पोरं. तिला हे ठाऊक होतं, त्यालाही.

“मामा,” ती म्हणाली, “गार हाये.”

वासुदेवला तिच्याकडे बघता आलं नाही. त्याने खाली बघूनच मान हलवली आणि परीक्षा संपेपर्यंत तिथेच बसून राहिला.